यादीतली पंधरावी ओळ

रोज सकाळी चहा झाला की अर्ध्या तासात मी आठ माणसं होते. कधी दाढ दुखत असलेला दादरचा गृहस्थ, कधी परळला मोरीची लादी बदलायला निघालेला सासरा, कधी ‘उद्या शाळेत मावळा व्हायचंय’ हे मुलाने जेवता जेवता सांगितल्यामुळे हादरलेली आई. त्या माणसाने फोनवर घाईघाईत काय शोधलं असतं, ते मी शोधते. माझ्या गिऱ्हाइकाचं दुकान कितव्या जागी दिसलं ते वहीत लिहिते. आठही माणसं होऊन झाली की उठते आणि डब्याला लागते.

आमच्या लालबागच्या इमारतीत माझ्याबद्दल ‘कंप्युटरवर काहीतरी करते’ एवढीच माहिती आहे. हे काहीतरी म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते.

तुम्ही फोनवर काही शोधलंत की सर्वांत वर जी तीन-चार नावं येतात, त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ती जागा विकत घेतलेली असते. तुम्ही बोट लावलंत की दुकानदाराचे पैसे कटतात. त्याच्या खाली जी नावं येतात, ती विकत घेता येत नाहीत. तुमचं पान नीट लिहिलेलं असेल, खरं असेल, लोकांच्या प्रश्नाला उत्तर देत असेल, पटकन उघडत असेल, तर ते हळूहळू वर चढतं. हळूहळू म्हणजे महिने. त्या कामाला एसईओ म्हणतात. कुठल्या दुकानाने कुठल्या शब्दासाठी जागा विकत घ्यायची आणि कुठल्या शब्दासाठी धीर धरायचा, हे ठरवणं म्हणजे माझा धंदा.

गिऱ्हाइकांना मी असं सांगते : गणपतीत मंडपाच्या रस्त्यावर दहा दिवस टेबल लावायला जागा घेता ना, ती जाहिरात. टेबल उचललं की जागा गेली. आणि कोणी पत्ता विचारला की लोक आपणहून म्हणतात, ‘त्या कोपऱ्यावरच्याकडे जा,’ तो एसईओ. दोन्ही लागतात. फक्त टेबलं लावत बसलात तर कोपऱ्यावरचे कधीच होणार नाही. आणि फक्त कोपऱ्यावरचं होण्याची वाट बघत बसलात, तर यंदाचे गणपती निघून जातील.

म्हणून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. डावा ‘विकतची’, उजवा ‘कमावलेली’.

याद्यांची सवय जुनी. एका वर्तमानपत्राच्या गिरगावातल्या खिडकीवर मी अठरा वर्षं छोट्या जाहिराती घेतल्या. माणूस खिडकीशी यायचा, म्हणायचा, ‘खोली द्यायचीय.’ मी विचारायचे, ‘कोणाला हवी असेल? तो कुठल्या मथळ्याखाली बघेल?’ खिडकी बंद झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. नवीन काम शिकायला बसले आणि आठवड्याभरात लक्षात आलं की प्रश्न तोच आहे. खिडकी तेवढी बदललीय.

माझी गिऱ्हाइकं छोटी असतात आणि बहुतेक हट्टी. शिवाजी पार्कच्या एका दंतवैद्यांच्या जाहिरातीवर रोज सकाळी सव्वासातला दोनदा बोट लागायचं, आणि बोट लावणारा कधीच फोन करायचा नाही. पंधरा दिवस मी चोर शोधला. शेवटी त्यांनाच विचारलं.

“अहो, तो मीच!” डॉक्टर म्हणाले. “फेरी मारून आलो की बघतो, आहे ना जागेवर.”

“डॉक्टर, तुम्ही बोट लावलंत की तुमचेच पैसे जातात.”

“असं होय? मग हिच्या फोनवरून बघत जाऊ का?”

अशा गमती पुष्कळ आहेत. पण संपादकांनी लेख मागितला तेव्हा मनात आलं ते एकच दुकान. तिथे मी माझ्या धंद्यातली सर्वांत मोठी चूक केली.

गिरगावातल्या एका वाडीत तळमजल्यावर आरोलकरांची ड्रेपरी आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकांना, गॅदरिंगला पोशाख, दाढ्या-मिशा आणि टोप भाड्याने देणारं दुकान. टोप म्हणजे केसांचे, विग. आरोलकरकाका टोप करणारे, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. काकू आणि त्यांच्याकडे वीस वर्षं बसणाऱ्या दोघी बायका आकड्याच्या सुईने जाळीत एकेक केस गाठतात. भिंतभर फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : ‘नारद’, ‘थोरली सासू’, ‘म्हातारी, कुरळी’.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काका म्हणाले, “जाहिरात कसली गो करायची? चाळीस वर्षं लोक येतायत.”

“येतायत का, काका?”

उत्तर आतून काकूंनी दिलं. “गेल्या गॅदरिंगला तीन शाळा आल्या, मोजून तीन. आधी रांग असायची. ह्या दोघींना मी गणपतीनंतर काय सांगू? घरी बसा?”

दोघी खाली मान घालून गाठी मारत राहिल्या. मी वही उघडली.

डावा रकाना आधी भरला. गॅदरिंगचं काम दोन महिन्यांचं असतं. ज्या बाईंना डिसेंबरात पंचवीस मावळे हवेत, त्यांना आमचं पान पुढच्या वर्षी वर चढून उपयोग नाही. तिथे जागा विकतच घ्यायची. घेतली. त्या हंगामात नऊ शाळा आल्या.

याच हंगामात मी आणखी एक गोष्ट केली. तिचं नाव लक्षात ठेवायची गरज नाही, ती काय करते ते सांगते. शाळेतल्या बाई वेबसाइट बघतात, पण लगेच ठरवत नाहीत. ‘मोठ्या बाईंना विचारते,’ म्हणतात आणि विसरतात. म्हणून वेबसाइटवर येऊन गेलेल्या माणसांची यादी यंत्राने आपोआप ठेवायची, आणि पुढचे तीस दिवस ती माणसं फोनवर बातम्या वाचत असोत की व्हिडिओ बघत असोत, मधेमधे त्यांना आपली जाहिरात दाखवायची. ज्या पानावर माणूस थांबला असेल, त्याच पानाचं चित्र दाखवायचं. मावळा बघितलात तर मावळा, नारद बघितलात तर नारद. हे सुरू करताना तपासायच्या चौदा ओळींची यादी माझ्याकडे होती. चौदाही ओळींवर मी बरोबरची खूण केली.

माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रजिस्टर ठेवावं लागतं, माझ्या वहीसारखंच दोन रकान्यांचं. येणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : ‘कुठून कळलं?’ काका कुरकुरले, “आल्या माणसाची उलटतपासणी कसली?” पण काकूंनी मनावर घेतलं. त्या रजिस्टरमुळे कळलं की दुकानात आणखी एका प्रकारची माणसं येतात. ती डोक्याला रुमाल बांधून येतात, फार बोलत नाहीत आणि ‘कुठून कळलं’पुढे सांगतात, ‘वॉर्डातल्या एका बाईने.’ परळची मोठी इस्पितळं फार लांब नाहीत. उपचारात केस जातात. तयार टोप बाजारात मिळतो, पण तो डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो. काका मापाने करून देतात. त्यासाठी काकांनी कधी पाटी लावली नव्हती. ‘कळेल त्याला कळेल,’ म्हणायचे.

“काका, वॉर्डात ज्याच्या शेजारी ती बाई नसेल, त्याला कसं कळेल?” मी विचारलं. “आणि हे काम बारा महिने असतं. दोघींना घरी बसायला नको.”

हे पटलं. पण काकांनी अट घातली, पानावर आजाराचं नाव नको. “पाटीवर आजार लिहून दुकान मांडूचा नाय. टोप मापाने करून मिळेल, इतकाच लिही.”

तसं पान केलं. खांद्यापर्यंतच्या केसांच्या टोपाचा फोटो आणि चार ओळी. हे पान वर चढायला निदान सहा महिने लागणार होते, आणि ज्या बाईचे केस तीन आठवड्यांत जाणार आहेत ती सहा महिने थांबू शकत नाही. म्हणून इथेही तात्पुरती जागा विकत घेतली, कोणी तसा टोप शोधला तरच दिसेल अशी. हा निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. कारण वैशाली आम्हाला त्याच जाहिरातीमुळे सापडली.

वैशाली हे तिचं खरं नाव नाही. माझगावला गोदीजवळच्या एका कचेरीत ती नोकरी करते. घरात ती आणि दहावीतली मुलगी, ऋतुजा. ती आली तेव्हा तिची कमरेपर्यंतची वेणी जागेवर होती. उपचार सुरू व्हायचे होते. काकांसमोर बसून तिने फोनवर कामाची बैठक चालवावी तसं सांगितलं : तारीख ही, केस साधारण या आठवड्यात जातील, परीक्षा त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू, संपेपर्यंत मुलीला कळता कामा नये.

“मग स्वतः सांगेन तिला,” ती म्हणाली. “शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी. कसं सांगायचं ते मी ठरवतेय.”

काकांनी तिची वेणी बघितली. “ह्याच केसांचा करू. कमी पडतील तिथे आमच्याकडचे. कोणाच्या बापाला कळायचं नाही.”

तिने तिथेच वेणी कापून दिली. घरी सांगणार होती, उन्हाळा येतोय म्हणून कापली. काकूंनी वेणी कागदात गुंडाळून डब्यात ठेवली आणि त्या दोघी बायका गाठी मारायला लागल्या.

परीक्षा अकरा दिवसांवर आली असताना काकूंचा फोन आला. “वंदना, येऊन जा. ती माझगावची आलीय. बोलत नाही, नुसती बसलीय.”

मी बस पकडून गेले. वैशाली स्टुलावर बसली होती. डोक्याला ओढणी. मला बघितल्याबरोबर तिने फोन पुढे केला. पडद्यावर गणिताचा व्हिडिओ थांबवलेला होता आणि त्याच्या खाली आमच्या टोपाचा फोटो. ‘नैसर्गिक केसांचा टोप, तुमच्या मापाने.’

मला एका क्षणात सगळं दिसलं. शाळांसाठी ठेवलेली ती यादी मी संपूर्ण वेबसाइटवर लावली होती. नवीन पान दोन महिन्यांनी त्याच वेबसाइटवर चढवलं. यादीने त्या पानावर येणाऱ्यांनाही उचललं. आजारी माणसाच्या मागे अशी जाहिरात लावायची नाही, असा नियम आहे आणि यंत्र तो पाळतं. पण आमच्या पानावर आजाराचं नावच नव्हतं. काकांच्या भिडेपोटी ते गाळलं होतं. यंत्राला वाटलं, शोभेची वस्तू आहे. यंत्राला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या चौदा ओळींत ते नव्हतं आणि जे यादीत नसतं, ते मला दिसत नाही.

“ऋतुजा माझ्या फोनवर अभ्यास करते,” वैशाली म्हणाली. “काल संध्याकाळी मला विचारते, ‘आई, मापाने टोप करायला किती दिवस लागतात गं?’ मी म्हटलं, कसला टोप? तर म्हणते, ‘मला आठवड्यापूर्वीच कळलंय. तू सांगशील म्हणून थांबले होते.’”

तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

“तिला मी सांगायचं होतं,” ती म्हणाली. “एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. तुमच्या जाहिरातीने सांगून टाकली. दिवसातून सहा वेळा.”

यंत्र असं वागतं, नियम तसा आहे, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, “चूक माझी आहे. काकांना यातलं काही माहीत नाही.” गल्ल्याशी उभी राहून फोनवरून ती मागे फिरणारी जाहिरात बंद केली, यादी पुसली. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी दोन महिन्यांपूर्वी द्यायला हवी होती.

काका आतून बाहेर आले. त्यांना मी रागावलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. “टोप घातलाय हे समोरच्याला कळलं की तो टोप फुकट,” ते मला म्हणाले. “कळता नये, ह्याच तर आमचो धंदो. तुझ्या जाहिरातीनं चौकात उभं राहून बोंब मारलीन.”

“मला टोप नको,” वैशाली म्हणाली. “आता लपवायचं कोणापासून? माझी वेणी परत द्या.”

वेणी आता वेणी राहिली नव्हती. अर्ध्याहून अधिक जाळीत गेली होती. काकांनी तसं सांगितलं नाही. फळीवरून डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिने झाकण उघडलं नाही. झाकणावरची चिठ्ठी वाचली. मग फळ्यांकडे बघितलं, नारद, थोरली सासू, म्हातारी कुरळी, आणि पुन्हा चिठ्ठीकडे.

“‘दहावीची आई’,” ती म्हणाली. “ही मी?”

“आम्ही माणसाचं नाव घालीत नाही,” काका म्हणाले. “नट बदलतात. डब्यावर भूमिका लिहितो. तू सांगितलंस ना, दहावी होईपर्यंत हवाय, म्हणून तसं लिहिलं.”

तिचे खांदे हलले. हसली की रडली ते मला कळलं नाही, तोंडापुढे ओढणी होती. काकू सुई बाजूला ठेवून उठल्या, तिच्याजवळ येऊन बसल्या. “बाय, परीक्षा अजून व्हायचीय,” म्हणाल्या. “कळलं तर कळलं. दहावीची आई तू अजून आहेसच ना?”

वैशालीने डोळे पुसले. “दाखवा,” म्हणाली. “बघू कुठवर आलंय.”

पहिला पेपर व्हायच्या आधीच्या शनिवारी ती शेवटचं माप द्यायला आली तेव्हा ऋतुजा बरोबर होती. मीही होते. त्या महिन्यात मी त्या दुकानात बोलावल्याशिवाय जात होते. पोरगी उंच, आईसारखीच मुद्द्याचं बोलणारी. आत येताच तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्हीच का त्या जाहिरातवाल्या?”

“हो.”

“तुमची जाहिरात बरोब्बर प्रमेयाच्या मध्यावर यायची. भूमितीत मार्क कमी पडले तर तुमच्या नावावर.”

“ऋतुजा!” वैशाली म्हणाली.

“बरोबर बोलतेय ती,” मी म्हटलं.

काकांनी टोप चढवला. तो टोप आहे हे मला पटकन ओळखता आलं नसतं. काकूंनी आरसा धरला. वैशाली मान हलवणार तेवढ्यात ऋतुजा तिच्या मागे गेली आणि म्हणाली, “भांग चुकलाय.”

“तिने दिलेल्या फोटोबरहुकूम केलाय, गो.”

“फोटो पुढून असतो, काका. आईचा भांग पुढे मधोमध आहे, पण मागे जाऊन डावीकडे वळतो. रविवारी मीच वेणी घालून द्यायचे तिची.”

काकांनी चष्मा पुसला. मागच्या बोटभर पट्ट्यातल्या गाठी त्यांनी तिथल्या तिथे उसवायला घेतल्या. दोघी बायकांचं दोन दिवसांचं काम वाढलं. एकीने दुसरीला हळूच म्हटलं, “बरी आली पोरगी,” आणि दोघी कामाला लागल्या.

हे ऐकून लोक मला म्हणतात, बघ, झालं ते बऱ्यासाठीच झालं. मी तसं म्हणत नाही. भांग बरोबर आला, पण एका बाईने आपल्या मुलीला आपल्या शब्दांत सांगायची जी वेळ ठरवली होती, ती मी घालवली. ती परत देता येत नाही. माझी यादी त्या दिवसापासून पंधरा ओळींची आहे. पंधरावी ओळ : ‘हा फोन आणखी कोण बघतं?’ या ओळीपायी दादरचा एक सोनार माझ्याकडून निघून गेला. अंगठी बघून गेलेल्या तरुणांच्या मागे महिनाभर अंगठी फिरवायची होती त्याला. म्हटलं, आईच्या हातात फोन असला तर? म्हणाला, “मॅडम, तुम्ही धंदा करताय की सोयरीक जमवताय?” जाऊ दे. धंद्याला बाकीची आहेत.

पेपर संपल्यावर आठवड्याने वैशालीचा निरोप आला. ‘तुम्हाला याद्या आवडतात असं काकू म्हणाल्या. ही घ्या एक.’ खाली तेवीस प्रश्न. इस्पितळाच्या रांगेत बसून तिने फोनवर शोधलेले, आणि धड उत्तर न मिळालेले. टोप घालून आडवं होता येतं का? शिंक आली तर सरकतो का? गोदीच्या वाऱ्यात टिकतो का? टिकली लावताना कपाळावरची रेष दिसते का? गॅससमोर उभं राहिलं तर? फोडणीचा वास किती दिवस राहतो?

अठरा वर्षं खिडकीवर आणि त्यानंतर इतकी वर्षं या कामात मी ‘माणूस काय शोधेल’ याच्या याद्या केल्या. इतकी चांगली यादी मला कधी जमली नव्हती.

आम्ही जुनं पान काढून टाकलं आणि नवीन केलं. तेवीस प्रश्न, त्याखाली काकांची उत्तरं, ते बोलतात तशी. ‘शिंकेला सरकत नाही, सरकला तर परत आणा.’ आजाराचं नाव यावेळी लिहिलं, काकांनीच लिही म्हटलं. “लपवून बघितला. कोणाचा भला झाला?” एक प्रश्न मात्र त्यांनी सोडला : मुलांना कसं सांगायचं? तिथे वैशालीने स्वतः लिहिलं. ‘लवकर सांगा. मी उशीर केला. त्यांना बहुतेक आधीच कळलेलं असतं आणि ती आपल्यासाठी थांबलेली असतात.’

पान एप्रिलमध्ये चढवलं. मे महिन्यात ते शोधयादीच्या पाचव्या पानावर होतं, म्हणजे नसल्यासारखंच. रोज सकाळच्या माझ्या आठ माणसांतली एक आता वैशाली झाली. तिच्यासारखं शोधायचं, जागा लिहायची. जूनमध्ये तिसरं पान. मग एका इस्पितळातल्या समाजसेविकेने त्या पानाचा दुवा आपल्या रुग्णांना पाठवायला सुरुवात केली. आम्ही सांगितलं नव्हतं. गणपतीपर्यंत पान पहिल्या पानावर आलं आणि दसऱ्याच्या सुमारास विकतच्या जागांच्या लगेच खाली.

तेव्हा मी पंधरा दिवस त्या शब्दांवरची, शोधल्यावरच दिसणारी विकतची जाहिरातही बंद करून बघितली. हे धाडस वाटतं, पण ते मोजून करायचं असतं. काकूंना सांगितलं, रजिस्टर नीट भरा. पंधरा दिवसांत येणारी माणसं कमी झाली नाहीत. मग ती जाहिरात कायमची थांबवली आणि ते पैसे गॅदरिंगच्या दोन महिन्यांकडे वळवले, जिथे घाई असते तिथे. दोघी बायका अजून काकूंसमोर बसतात. यंदा तिसरी शिकतेय.

लोक मला विचारतात, जाहिरात चांगली की एसईओ? प्रश्नच चुकीचा आहे. मावळे शोधणाऱ्या बाईंच्या आडवं जायला हरकत नाही, त्यांना तेच हवं असतं. रुमाल बांधून आलेल्या बाईच्या मागे जायचं नाही. तिने शोधलं की आपण तिथे असायचं, दिवा लावून.

वैशालीचे केस आता कानाखाली आलेत. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. ऋतुजा अकरावीला गेली. भूमितीत किती मिळाले ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गेल्या महिन्यात वैशाली डबा परत घेऊन आली. काका तिला म्हणाले, “तुझा आहे, ठेव.” ती म्हणाली, “काका, नट बदलतात. तुम्हीच म्हणालात.” आणि डबा फळीवर ठेवून गेली, नारदाच्या शेजारी.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी रजिस्टर बघायला गेले होते. परळची एक बाई आली होती, डोक्याला सुती रुमाल. बरोबर कॉलेजची बॅग लावलेली मुलगी. मापाच्या टोपाला महिना लागेल म्हटल्यावर बाईचा चेहरा उतरला. काकांनी थोडा विचार केला आणि फळीवरचा तो डबा काढला. जाळी घट्ट करून तो तात्पुरता बसला असता.

“मुलगी कितवीला?” त्यांनी विचारलं.

“बारावीला.”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. चिठ्ठीवरचं ‘दहावीची’ खोडलं, वर ‘बारावीची’ लिहिलं. ‘आई’ तसंच ठेवलं.

काकू टोप चढवत होत्या म्हणून रजिस्टर मी पुढे ओढलं. “कुठून कळलं?”

बाई काही बोलायच्या आधी मुलगीच बोलली. “मी शोधलं. घरी आम्ही दोघींनी बसून ते प्रश्न वाचले, मग आले हिला घेऊन.”

मी उजव्या, ‘कमावलेली’च्या रकान्यात लिहिलं : मुलीने शोधून दिलं.